क्रोमरच्या धक्क्यावर

दोन पौंडांची बादली, दोरा, जाळीची पिशवी,
आणि आमिषाला बेकन.
चिमटीत धरून मीच भरलं ते, नाक फिरवून.
आईला फोनवर यातलं काही सांगणार नाही.

ओजस दर मिनिटाला दोरा ओढतो,
"आला का?"
मनवा गप्प. तिला म्हणे बोटांत कळतं.

चार वाजेपर्यंत सात खेकडे.
एकाला पाय कमी,
त्याला ओजसने स्वतःचंच नाव दिलं.

मग ओल्या वाळूत बादली आडवी केली.
सहा पळाले. एक तिथेच, बुडबुडे काढत.
"ओजस, घरी जा रे. आई वाट बघतेय."
गेला अखेर, तिरपा तिरपा.

परतताना गाडीत हा झोपलाय वेडावाकडा,
एका पायातला मोजा
नॉर्फोकमध्येच कुठेतरी.
माझ्या बोटांना अजून वास.