कलम सहा, पोटकलम तीन

मार्चचा दुसरा शनिवार. मेनमधलं आमचं छोटं गाव
शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्यांवर बसलंय,
बुटांखाली वितळलेल्या बर्फाची थारोळी.
मागे बीन्स शिजतायत, पाच डॉलरला ताट,
पैसे अग्निशमन दलाच्या नव्या पाइपाला.

मी गावाची कारकून. माझं काम एवढंच :
कोण उठलं, काय म्हणालं, किती हात वर गेले.
मत मलाही आहे,
पण हात वर करायचा तर पेन खाली ठेवावं लागतं.

ड्वाइट हॅस्कल हातोडा आपटतो. कलम सहा.
तळ्याच्या काठापासून शंभर फुटांत नवं बांधकाम नाही.
काठची झाडं सरसकट तोडायची नाहीत.
पोटकलम तीन : नोंद असलेली प्रत्येक सेप्टिक टाकी
दर तीन वर्षांनी उपसावी.

'उपसावी' म्हणजे? मर्लीन विलेट विचारते.
उपसावी म्हणजे उपसावी.
म्हणजे नाही उपसली तरी चालेल?

पुढचा पाऊण तास
एका 'च'वर जातो.
'उपसलीच पाहिजे' घाला, असं तिचं म्हणणं.
मागून कुणीतरी : माझ्या टाकीत डोकवायला तू येणार का?
हशा.
हशा मी इतिवृत्तात घेत नाही.

मग एव्हरेट स्प्राउल उठतो, एक्याऐंशी वर्षांचा,
काखेत ती थाळी, दोन पाव काळी, दोन पाव पांढरी,
दोरीला गाठी.
एकतीस उन्हाळे, दर पंधरवड्याला, भर दुपारी
होडीच्या सावलीत तो ती पाण्यात सोडत आलाय
आणि जिथे ती दिसेनाशी होते
तिथे दोरी चिमटीत धरत आलाय.

बोलत नाही. बास्केटखाली जो बसलाय
त्याच्या हातात दोरीचं टोक देतो,
आणि तो नेमका माझा भाऊ डेनिस.
थाळी घेऊन एव्हरेट चालू लागतो,
लोक गुडघे आवरतात,
तीन गुणांच्या रेघेवर थांबतो :
"पहिला उन्हाळा."
मग गाठी मोजत मागे, मागे,
फ्री-थ्रोच्या रेघेवर :
"गेला ऑगस्ट."
आणि बसतो.

डेनिस टोक सोडत नाही. तसाच उभा राहतो.
म्हणतो, मी काही तळ्याचा वैरी नाही.
चाळीस एकर आहेत, अकरा प्लॉट पडतात.
शंभर फूट तुम्ही घेतलेत तर सात.
ते चार प्लॉट म्हणजे माझं म्हातारपण आहे,
कर मात्र तुम्ही सगळ्या चाळीस एकरांवर घेता.

हे मी शब्दन् शब्द लिहिलं.
खोटं नव्हतं त्यात काही.

हात वर. मोजणी. फेरमोजणी.
एक्याण्णव विरुद्ध अठ्ठ्याऐंशी.
'च' राहिला.
एक्याण्णवातला एक हात शाईने माखलेला होता,
तो डेनिसने पाहिला.
दोरी गुंडाळून त्याने थाळीवर ठेवली,
बीन्सला थांबला नाही.

आता गोष्ट इतिवृत्ताबाहेरची.
बाबांची केबिन पाण्यापासून अडतीस फुटांवर,
जुनी, म्हणून माफ.
तिची टाकी अडुसष्ट साली
त्यांनी आणि काकांनी एका रविवारी पुरलेली,
नोंद नाही. मला माहीत आहे नोंद नाही,
कपाट माझं, किल्ली माझी.
नोंद नाही, तर 'च'ही लागू नाही.

एप्रिलच्या अखेरीस बर्फ फुटला.
एक लून कुठूनतरी आला आणि रात्रभर ओरडत राहिला.
सकाळी मी लोखंडी पहार घेऊन केबिनमागे गेले,
इथे खुपस, तिथे खुपस,
माती, मूळ, दगड.

अकराच्या सुमारास रस्त्यावर डेनिसचा ट्रक.
इंजिन बंद केलं नाही त्याने, काच खाली केली.
सहा आठवड्यांत पहिल्यांदा बोलला :
"तिथे नाही. लायलॅकच्या पलीकडे."
बघत राहिला. मग उतरला,
पहार माझ्या हातातून ओढून घेतली
आणि तिसऱ्याच घावाला
ठण्ण.