अर्धा गुण

श्रीशैल बोद्दूल, नववी ब, हजेरी क्रमांक एकतीस.
प्रश्न तिसरा: क्षपण म्हणजे काय? उदाहरण द्या. गुण दोन.
त्यानं लिहिलं होतं,
"हायड्रो टाकला की निळा रंग पिवळा होऊन पाण्यात लपतो.
सूत वर काढलं की हवा त्याला हुडकते."
मी लाल पेननं समासात विचारलं, हुडकते? कोण?
आणि शून्य.
शून्याखाली रेघ मारली, दोनदा.

बावीस वर्षं हा धडा शिकवतेय.
बाणाच्या डावीकडे अभिक्रियाकारक, उजवीकडे उत्पादित,
दोन्हीकडचे अणू मोजा, एकही हरवता कामा नये.
चुन्याची कळी पाण्यात टाकून पातेलं बाकांवरून फिरवते,
बोट पोळलं की उष्मादायी कायमचं पाठ.
उष्माग्राही मात्र एप्रिलातल्या सोलापुरात
कुणाच्या गळी उतरत नाही.
बेरियमचा पांढरा अवक्षेप तळाशी बसेपर्यंत
मागच्या बाकावर डबा उघडलेला असतो,
आणि शेंगाचटणीच्या वासापुढे
माझी परीक्षानळी कोण बघणार!

उत्तरपत्रिकेवर पालकांची सही आली नाही,
म्हणून शनिवारी मीच गेले नीलमनगरला.
पत्र्याची शेड, बाहेर यंत्रमागांचा खडखडाट,
आत मात्र सगळे हळू बोलत होते.
लक्ष्मय्या बोद्दूल, कोपरापर्यंत निळा,
सही करायला हात पुसत राहिला, हात पुसला जाईना.
"जरा थांबता का, मॅडम? हा घाणा काढतो."

हौदातलं पाणी निळं नव्हतं.
वाटाण्याच्या सालीसारखं, पिवळट हिरवं,
वर तांब्याच्या रंगाची पातळ साय.
काठीवरची लड त्यानं आत सोडली, ढवळलं नाही.
"हवा गेली आत तर रंग मरतो."
मग लड वर.
"चूडंडी," तो म्हणाला. बघा.

एक श्वासभर ती हिरवीच होती.
मग कडेकडेनं काहीतरी चालत आलं,
धाग्यामागून धागा,
जणू कुणी घरभर दिवे लावत फिरतंय, निळे.
मला ठाऊक होतं सगळं:
हायड्रोजन मिळवणं ते क्षपण,
हायड्रोजन सोडणं ते ऑक्सिडीकरण,
विरघळणारं परत न विरघळणारं होतं
आणि सुतात अडकून बसतं, धुण्याला दाद देत नाही.
फळ्यावर हजारदा काढलाय मी तो बाण.
तो इतका वेळ घेतो,
हे माहीत नव्हतं.

मोठ्या माणसाचे रबरी हातमोजे घातलेला
श्रीशैल मागून हळूच म्हणाला,
"हवा, बाई. हवा हुडकते."

परत येताना पदराला टिकली दिसली, निळी.
वर्गात सांगते ना मी,
वेग वाढवतो पण स्वतः बदलत नाही, तो उत्प्रेरक.
म्हणजे मी ती नव्हेच.

सोमवारी शून्य खोडून दीड केलं.
अर्धा कापला,
हायड्रोजनचं नाव नाही, समीकरण नाही.
मधल्या सुट्टीत तो पेपर घेऊन स्टाफरूमच्या दारात.
"बाई, पण अर्धा का?"
मी म्हटलं, ये आत. खडू घे.