वहीत न लिहिलेला नंबर

पोलीस ठाणं इथून बहात्तर किलोमीटर.
मधे गहू, मग मोहरी, मग पुन्हा गहू,
आणि जानेवारीत यातलं काहीच नाही,
सस्कॅचेवान म्हणजे नुसतं पांढरं.
ठाण्यात पोलीस तिघे, त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर.
म्हणून चर्चच्या तळघरात, कॉफी गार होईपर्यंत,
कॉन्स्टेबल थिबोडो समजावत राहिला.
शेवटी म्हणाला, "तुमचे डोळे उसने द्या आम्हाला."
मी दिले.
मोतीबिंदू नुकताच काढला होता, वापरायचे कशाला तेही ठरायचं होतं.

दुर्बीण हेन्रीची, बदकं बघायला घेतलेली.
वही माझी. एका बाजूनं बीटाच्या लोणच्याचा हिशेब,
उलटी धरली की गाड्यांचे नंबर.
मंगळवार, पावणेतीन. राखाडी पिकअप, मागचा दिवा फुटका,
डिझेलच्या टाकीपाशी घुटमळला.
शुक्रवारी तोच.
सापडले ते. चोरीचं डिझेल, दोन वेल्डिंग मशीन
आणि ओरेस्ट पाल्युकच्या नातवाची स्नोमोबिल.
थिबोडोनं माझ्या टेबलाशी बसून केक खाल्ला,
वहीला 'पुरावा' म्हणाला.
मला फार बरं वाटलं.
इतकं बरं वाटायला नको होतं.

एप्रिल. उजेड जाता जाता
रस्त्याच्या कडेनं कुणीतरी चालत येत होतं,
टोपी डोळ्यांवर, हातात काहीतरी लांब.
इथे चालत कोणी जात नाही.
लोक सुतावरून स्वर्ग गाठतात,
मी तुरुंग गाठला, फोन उचलून.

लांब ते काहीतरी म्हणजे हॉकी स्टिक.
मूस्टूसांचा डार्नेल, वय चौदा, शाळेची बस चुकलेली,
रिझर्व्हवरचं घर अजून नऊ किलोमीटर.
थिबोडोनं त्याला बॉनेटवर हात ठेवायला लावले.
ते मी दुर्बिणीतून पाहिलं.
हेन्रीची दुर्बीण चांगली आहे,
नखं दिसत होती.
वहीत काय लिहावं कळेना. वेळ लिहिली.

त्याची आई, लोर्ना, दुकानात पिठाच्या पोत्यांपाशी भेटली.
भांडली असती तर बरं झालं असतं.
म्हणाली, "तू त्याला ओळखतेस, व्हेल्मा.
तुझ्या पायऱ्यांवरचा बर्फ त्यानं काढलाय. दोनदा."
आणि मैदा घेऊन निघून गेली.

त्यानंतर दुर्बीण कपाटात, लोकरीच्या मोज्यांखाली.
सभेचं बोलावणं आलं, गुडघा दुखतो म्हणून कळवलं.
गुडघा दुखत होताच.

नोव्हेंबरात एका रात्री भांडी विसळताना
खिडकीत काहीतरी कमी वाटलं.
पाल्युकच्या अंगणातला दिवा.
चौतीस वर्षं तो दिवा पाहत होते मी,
पाहतेय हे ठाऊक नसताना.
ओरेस्टचा फोन वाजत राहिला.
ठाण्याचा नंबर फिरवताना बोट अडखळलं:
काय सांगणार? कुणी आलं नाही, कुणी दिसलं नाही,
फक्त अंधार आहे?
तेच सांगितलं.
"निघतो," म्हणाले, "पण रस्ता काचेसारखा झालाय, दीड तास धरा."

मग दुसरा एक नंबर.
तो मी वहीत कधी लिहिला नव्हता, पाठ होता.
लोर्नानं उचलला. मी नाव सांगितलं.
गप्प राहिली. मला माझंच घड्याळ ऐकू येत होतं.
मग म्हणाली, "कोणता गोठा?"

ओरेस्ट सापडला खुब्याचं हाड मोडलेला,
वासराच्या उबेला चिकटून पडलेला,
जिवंत, आणि युक्रेनियनमध्ये शिव्या देत.
डार्नेल आणि त्याच्या मामानं दाराच्या फळीवर घालून बाहेर आणला.
मी घोंगडी धरून उभी.
पोरगं वीतभर उंच झालं होतं.
माझ्याशी बोललं नाही,
घोंगडी तेवढी घेतली हातातून.

घरी आले. परतणाऱ्या त्यांच्या ट्रकचा उजेड
माझ्या खिडकीवरून सरकत गेला.
सवयीनं नंबर वाचला.
वही समोरच होती, पेन्सिलही.
नळाखाली राहिलेली भांडी
विसळायला घेतली.