घडी

"तुला काही करायचं नाही,"
सिस्टर ओर्नेल्ला म्हणाल्या,
"तू फक्त इस्त्री कर."
एकेचाळीस वर्षं झाली त्यांना घोरपडीत,
अजून सगळ्यांना अरे-तुरेच करतात,
बिशपलाही.

मी म्हटलं, सिस्टर, मी परीट,
माझ्या देव्हाऱ्यात खंडोबा,
तुमच्या नाताळात माझं काय काम?
तर म्हणाल्या, त्यांच्या गावी, इटलीत, डोंगरावर,
त्या रात्री अख्खा गाव बेथलेहेम होतो.
सोंग कुणी घेत नाही.
लोहार लोहारकी करतो, बुरूड टोपल्या विणतो,
एक म्हातारी निखाऱ्यावर कसलीशी फळं भाजते, सालीसकट.
बाळ मधेच कुठेतरी असतं,
शोधावं लागतं.
त्यांचा बाप जंगलात कोळसा पाडायचा.
दर नाताळला ढिगाशेजारी बसून राहायचा,
काळाच्या काळा, एक शब्द न बोलता,
आणि घरी येऊन विचारायचा,
"कसा झाला माझा भाग?"

हे सांगता सांगता त्यांनी
माझ्या इस्त्रीचं झाकण उघडलं
आणि वास घेतला.
गिऱ्हाईक ताटकळलं होतं.
मी ताटकळू दिलं.

तर चोवीस तारखेला
टेबल उचलून चर्चमागच्या पटांगणात नेलं,
तीन पाय आणि एक वीट.
डावीकडे दस्तगीर चाकूला धार लावत,
उजवीकडे लूसीमावशी आणि आमची मंदा भाकरी थापत.
मंदा म्हणाली, घरी हेच, देवाच्या दारीही हेच.
योसेफ म्हणजे सायमन खरात, पीएमटीचा कंडक्टर, दाढी स्वतःची.
मरिया रोझलिन भालेराव, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष.
बाळ तिच्या बहिणीचं, तीन महिन्यांचं.
बैल मिळाला नाही, गवळ्याची म्हैस आली.
गाढव मुंढव्याच्या वीटभट्टीवरून आलं,
रेल्वे फाटकात अर्धा तास अडकून,
आणि आल्या आल्या त्यानं तारा खाल्ला.
तारा पेंढ्याचा होता, त्याची काय चूक?

एकजण पिशवी घेऊनच आला:
उद्या लग्न आहे, दोन शर्ट होतील का?
केले. रोजच्याच भावात.

नऊच्या पुढे थंडी उतरली,
नदीकडून येते ती, तळपायातून चढणारी.
बाळ रडायला लागलं.
रोझलिननं हलवलं, जोजवलं.
सायमननं जिभेनं टिकटिक केलं,
पूर्वी तिकीट पंच करायचे तसं.
मेंढपाळांतला एक म्हणाला, व्हिडिओ थांबव रे.

माझ्यापुढे सिस्टरनी दिलेली सात दुपटी,
जुनी, धुऊन धुऊन साय झालेली.
संध्याकाळपासून तीच घडी घालत होतो,
मोडत होतो, परत घालत होतो.
नुसती दाखवायची इस्त्री.
आणि एकाएकी
मला काम आलं.

पाणी शिंपडलं नाही.
कोरडीच फिरवली, सावकाश,
पालथ्या हातानं ऊब पाहिली,
थोरलीच्या वेळी पाहायचो तशी,
आणि ती घडी तशीच गरम
सायमनच्या हातात दिली.
अख्खं बेथलेहेम ओलांडायला सहा पावलं लागली.
बाळ गप्प झालं की नाही, खात्रीनं सांगता येत नाही,
तेवढ्यात म्हैस रेकली
आणि सगळे हसले.

आवरताना सिस्टर इस्त्रीवर हात धरून उभ्या.
मी विचारलं, कसा झाला माझा भाग?
काही बोलल्या नाहीत.
हात शेकत राहिल्या.

सव्वीसला टपरी उघडली.
दुपटी धुऊन आली होती, सहा.
कपड्याच्या कोपऱ्यात मी खूण घालतो,
बाप बिब्ब्यानं घालायचा, मी मार्करपेननं:
बिल्डिंग, विंग, फ्लॅट.
टोपण काढून बसलो.
यांच्यावर कुणाचा पत्ता घालू?

दस्तगीर म्हणाला,
चहा घे आधी, निवतोय.