पान उलटताना

ऑक्टोबरच्या वीस तारखेला संध्याकाळी
टाकळीच्या क्वार्टरमध्ये मी यादी घेऊन बसते.
कुकरच्या शिट्ट्यांमधून मोठ्यांदा वाचते :
थोकचोम इबोतोंबी, मणिपूर.
सेल्वमुरुगन, तामिळनाडू.
पोडियाम जोगा, छत्तीसगड.
जीभ अडखळते, मागे जाते, पुन्हा येते.
मुलगा मोबाइलमधून मान न काढता म्हणतो,
आई, चुकलं तर कोनाले समजनार हाय तिथं?

त्याच्या आईले, मी म्हणते.
(ती काही परेडला यायची नाही,
मणिपूरहून कशाला येईल.
तरी.)

जेवायला हाक मारताना हे नाव कुणी
कुठल्या अक्षरावर लांबवत असेल,
ते यादीत लिहिलेलं नसतं.
मी अंदाजाने लांबवते.

एकवीसला सकाळी मैदानावरचा चुना अजून ओला.
स्तंभ रात्रीच धुतलेला, झेंडूच्या माळा,
नव्या भरतीच्या पोरांच्या बुटांची करकर.
शोक शस्त्र!
आणि सगळ्या बंदुका एकदम उलट्या होतात,
मैदानानेच मान खाली घातल्यासारख्या.
कोरेटी मॅडम, सावकाश, साहेब म्हणतात.
मी माइकपाशी जाते.

यंदा आमच्यातलाही एक आहे.
नाईक रोशन गेडाम. कामठी रोडचा नाका.
ट्रक थांबलाच नाही.
त्याची आई पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीत,
चपला खुर्चीखाली नीट जोडून ठेवलेल्या.
मी नाव घेतलं
आणि ती म्हणाली, हो जी.
शाळेत हजेरी देतात तसं.
माइकने ते पकडलं नाही.
मी पुढचं नाव जरा उशिरा वाचलं.

मोरेश्वर डहाके, बक्कल नंबर अठराशे सत्तेचाळीस,
माझ्याच बॅचचा, यादीत नाही.
कुठल्याच वर्षीच्या नाही.
हिवाळी अधिवेशन, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट,
दिवसातला चौथा मोर्चा, अंगणवाडीच्या बायांचा.
पहाटे पाचपासून बॅरिकेडला पाठ लावून उभा होता.
दुपारी पलीकडच्याच एका बाईने
डब्यातली भाकर बॅरिकेडवरून त्याला दिली,
घोषणा थांबवून दिली, मग पुन्हा सुरू केल्या.
त्याने अर्धी माझ्यासाठी ठेवली.
रात्री नऊला म्हणाला, बसतो वं जरा, कोरेटी,
काठी आडवी टाकली, तिच्यावर बसला,
उठला नाही.

कागदावर लिहिलं, नैसर्गिक.
सोळा तास. मी अजून बोटांवर मोजते.
यातला कितवा तास नैसर्गिक होता?
त्याला गोळी आली नाही, ट्रक आला नाही,
हृदयाने कुणाला न सांगता ड्युटी सोडली,
म्हणून तो कुठल्या रकान्यात बसेना.

तर शेवटचं नाव वाचून झालं
की मी थांबते.
मो-रे-श्व-र-ड-हा-के,
सात अक्षरांपुरती.
बिगुलवाला घुटके ओठांशी बिगुल धरून
माझ्याकडे तिरका बघत राहतो.
मग मी कागद खाली घेते. मग तो फुंकतो.

साहेबांनी नंतर विचारलं, शेवटी थांबलात का?
पान उलटत होते, सर.
शेवटचंच पान होतं ना ते?
हो, सर.
त्यांनी टोपी काढली, आतला घाम पुसला,
आणि बराच वेळ घातली नाही.

कुंपणाबाहेर, काटोल रोडच्या अंगाला,
रत्नमाला स्कूटी लावून उभी असते.
तिला निमंत्रण नसतं.
आलं का वं नाव?
आलं.
ऐकू नाही आलं मले.
हळू घेतलं.
बरं, म्हणते ती, आणि किल्ली फिरवते.
दोनदा फिरवावी लागते.
साडेनऊला गिऱ्हाईक येणार आहे,
सहा साड्यांचं फॉल-पिको बाकी आहे.