चार फूट सहा इंच

मार्चचं पान फाडलं नाही, उलटं केलं
आणि फॉल-पिकोच्या वहीतली पेन्सिल घेऊन बसले.
मोठी तिकिटं दोन, साडेपाचशेप्रमाणे.
केतकीचं अर्धं.
शार्दूल फुकट. अजून तीन फुटांच्या आत आहे,
देवाची कृपा, आणि तो जेवत नाही त्याची.

रविवारी माणशी शंभर जास्त घेतात.
नयनाबेन गॅलरीतून म्हणाल्या, "बुधवारे जजो, सस्तु पडे."
पण बुधवारी मकरपुऱ्याचा कारखाना चालू,
म्हणजे ह्यांची एक बिनपगारी रजा,
ती कुठल्या रकान्यात लिहू?
अडीचशे वाचले, साडेसहाशे गेले.
खोडलं.
रविवारच.

आजव्याच्या रस्त्याला पार्कची स्वतःची बस जाते,
तिचे पैसे वेगळे.
स्कूटरवर चौघं, असलं काही लिहून ठेवू नये,
म्हणून नुसतं लिहिलं: पेट्रोल, ऐंशी.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत.
आत वडापाव नव्वदला.
तेव्हा फाटकाबाहेरच, निलगिरीखाली चादर टाकून
थेपले, छुंदा, दह्याचा डबा,
इतकं खायचं की पाण्यात बुडावं.
तरी दोन वाजता भूक लागणार.
दोनच्या भुकेला दोनशे ठेवले.
पॉपकॉर्नचं नाव काढलेलं नाही,
कोणी मागितलं तर बघू.

नायलॉनच्या कपड्यांशिवाय पाण्यात सोडत नाहीत.
भाड्याने घ्या म्हणे, दीडशे, वर अनामत.
इथे मात्र माझं राज्य.
नवरात्रातल्या चणिया-चोळ्यांचं अस्तर पोत्यात पडून होतं,
राणी, पोपटी, थोडंसं हळदी.
दोन रात्री मशीन चालवलं.
ह्यांच्या वाट्याला पोपटी आली.
चड्डी दिव्यासमोर धरून बराच वेळ बघत राहिले,
आणि विचारलं एवढंच,
"खिसा?"
खिसा लावला, आतून, चेनवाला.
लॉकरचे पन्नास तिथे वाचले.

राहिली केतकी.
साडेचार फुटांच्या आत असेल तर अर्धं तिकीट.
साडेचार फुटांच्या आत असेल तर
मोठ्या घसरगुंडीच्या जिन्यावर पाय ठेवू देत नाहीत.
रेघ एकच.
कोणी आखली कोण जाणे, त्याला मुलगी नसणार.

रोज सकाळी ती स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावते
आणि टाचा हळूच उचलते.
रोज सकाळी मी तिच्या डोक्यावर फूटपट्टी ठेवते
आणि हळूच दाबते.
दोघींनाही माहीत आहे, दोघीही बोलत नाही.
दिवाळीत चार-चार होती.
आता चार-साडेपाच.
ह्याच उंचीसाठी गेल्या वर्षी दुधात महागाची पावडर घातली मी,
ह्याच उंचीसाठी दाराला सळई लावून घेतली लोंबकळायला,
आणि आता मनात म्हणते,
थांब गं बाई.
मेच्या पहिल्या रविवारपर्यंत तेवढी थांब.

काल रात्री पान फ्रिजवरच राहिलं.

आज ती चौकटीपाशी आली,
न सांगता उभी राहिली.
टाचा जमिनीवर.
मान किंचित आत, गुडघे किंचित वाकलेले,
खिडकीतल्या माणसासमोर कसं उभं राहायचं
त्याचा सराव केल्यासारखी.
"बघ," म्हणाली, "बसते अजून अर्ध्यात."

फूटपट्टी हातातच राहिली.
कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मोजायचं राहून गेलं.

खोडरबर सापडला नाही.
'अर्धं'वरच जाड गिरवून 'पूर्ण' केलं,
कागद जरा फाटला.
पावणेतीनशेचा फरक.
नयनाबेनच्या भाचीचे दोन ब्लाउज आज कापायला घेते,
नाही म्हणणार होते, गळे फार कटकटीचे आहेत तिचे.

"सरळ उभी राहा," म्हटलं.
राहिली.
चार फूट साडेपाच.

अर्धा इंच कमी पडतो आहे, केतकी,
आणि दिवस राहिलेत वीस.
ते दूध संपव आधी.