अर्धं बोलणं

अंबडला, तिसऱ्या मजल्यावर, मधल्या भिंती पाडल्या
तेव्हा साहेब म्हणाले, आता हवा खेळेल.
हवा आहे तिथेच आहे. बोलणं खेळतं.

एसीची घरघर चालते मला.
पॅकिंगमधल्या पोरांची ओडिया तर
नळाखाली बादली भरावी तशी भरते, सांडते.
कळत नाही ते छळत नाही.

पण माझ्या पाठीमागे शर्वरी धात्रक
फोनवर हळू बोलते. हळू, आणि मराठीत.
"नाही गं, एवढीशीच आहे गाठ."
मग बराच वेळ काही नाही.
"हो."
"बुधवारी."

पलीकडचं ऐकू येत नाही,
म्हणून ते मीच भरत बसतो,
आणि इकडे द्राक्षांच्या कंटेनरचं बिल
तेराशे चाळीस पेट्यांवर अडलेलं.
तीनदा बेरीज केली, तीनदा वेगळी.
चौथ्यांदा वजनाच्या रकान्यात टाइप झालं: बुधवार.

कॉलेज रोडवरून हेडफोन आणले, बाराशेचे.
त्यात समुद्र लावता येतो.
समुद्राच्या तळाशीही ऐकू आलं, "गाठ".
दचकून वळलो,
तर शिपाई सुतळीबद्दल बोलत होता.

बुधवारी तिची खुर्ची रिकामी.
बेरीज पहिल्या फटक्यात जुळली.
बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

गुरुवारी ती आली, डबा पुढे केला,
"चिवडा घ्या, उगले."
घेतला.
जे मला सांगितलंच नव्हतं
ते कसं झालं म्हणून कोणत्या तोंडाने विचारू?
तोंडात चिवडा होता,
आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल
इतका कुरकुरीत.